दंडोबाच्या डोंगरावर कुत्र्याला घेऊन चालताना : दोरी, मेंढरे आणि माळावरची घरटी

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

गेली चार वर्षे मी दर रविवारी पहाटे मिरजेच्या पूर्वेला असलेल्या दंडोबाच्या डोंगरावर चालायला जातो आणि बहुतेक वेळा आमचा खंड्या माझ्यासोबत असतो. आई कारवान जातीची आणि बाप गावठी, असा हा बावीस किलोंचा, लांब पायांचा आणि अतिशय मायाळू कुत्रा आहे. डोंगर वन विभागाच्या ताब्यात आहे. माथ्याजवळ कातळात कोरलेले महादेवाचे स्थान आहे, उतारांवर गिरिपुष्प आणि कडुनिंबाची झाडी आहे आणि झाडी संपते तिथे गवताळ माळ सुरू होतो. खाली भोसे, खंडेराजुरी, मळणगाव या बाजूंना द्राक्षबागा दिसतात. आमच्या पर्जन्यछायेच्या भागात एवढे हिरवे ठिकाण जवळपास दुसरे नाही, म्हणून या डोंगराविषयी मला मनापासून ओढ वाटते. माझ्या हातून तिथे जे घडले ते लिहिण्यासाठी हा धागा काढत आहे.

मी खंड्याला डोंगरावर कधीही मोकळे सोडत नाही. त्या दिवशीही तो दोरीलाच होता. उतरताना बोराटीच्या जाळीतून अगदी पायाशी एक ससा उठला. खंड्याने पुढे झेप घेतली, दोरी ताणली गेली, आणि मग तो पुढे ओढायच्या ऐवजी मान खाली घालून दोन पावले मागे सरकला. पुढच्या क्षणी माझ्या हातात दोरी होती, दोरीच्या टोकाला पट्टा होता, पट्ट्याचे बक्कल लागलेले होते, आणि कुत्रा त्यात नव्हता.

ससा निसटला. पण खंड्या त्याच वेगाने खाली गेला आणि पायथ्याला ज्वारी काढलेल्या रानात बसवलेल्या मेंढरांच्या कळपात घुसला. मी पोहोचेपर्यंत कळप तिन्ही बाजूंना पांगला होता, एक गाभण मेंढी शेताच्या कडेचा ताल (मातीचा बांध) ओलांडताना पडून लंगडत होती आणि धनगरांच्या दोन कुत्र्यांनी खंड्याला बांधाशी कोंडून त्याच्या मांडीला चावा घेतला होता. मेंढपाळदादांनी स्वतःच्या कुत्र्यांना हाक मारून बाजूला केले, खंड्याला मानेच्या कातडीला धरून माझ्या स्वाधीन केले आणि एवढेच म्हणाले, "मेंढराला काय ठावं, ह्यो पाळलेला हाय का लांडगा हाय." त्यांनी शिवी दिली असती तर ती मी ऐकून घेतली असती, परंतु या शांत वाक्याने मी आठ दिवस अस्वस्थ होतो. मेंढीच्या औषधोपचाराचा खर्च मी दिला. तिचा गाभ सुखरूप राहिला, हे मी नंतर दोनदा जाऊन पाहून आलो.

माझे प्रश्न असे आहेत. पट्ट्यातून मान सुटू नये यासाठी काय वापरावे? मेंढरे वाटेत आली तर नेमके कसे वागावे? आणि तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : कुत्रा दोरीला असला तरी अशा राखीव डोंगरावर त्याला न्यावे का, आणि न्यायचे असल्यास वर्षाच्या कोणत्या काळात?

पशुवैद्य

आपण सर्व काही लपवाछपवी न करता लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे.

प्रथम पट्ट्याविषयी. कारवान, मुधोळ, पश्मी ही सगळी नजरेने शिकार हेरून वेगाने पाठलाग करणारी कुत्री आहेत. यांचे डोके अरुंद असते आणि मान जवळजवळ डोक्याइतकीच रुंद असते. लॅब्राडॉर किंवा गावठी कुत्र्याच्या मानेत साधा पट्टा कानांमागे अडकतो, पण या जातींत तो मागे सरकताच डोक्यावरून निघून येतो. यात आपल्या कुत्र्याची काही चलाखी नाही, ही त्याच्या शरीराची ठेवणच आहे. अशा कुत्र्यांसाठी दोन कड्यांचा पट्टा मिळतो, त्याला दुकानात मार्टिंगेल म्हणतात. दोरी ताणली की तो मानेभोवती थोडा आवळतो आणि सैल सोडली की पुन्हा ढिला होतो. त्यासोबत छातीवरून व पोटाखालून जाणारा हार्नेस घालावा आणि पट्टा व हार्नेस या दोहोंना मिळून एकच दोरी लावावी. एक सुटले तरी दुसरे धरते. दोरी पाच ते सहा फुटांची असावी. बटण दाबून लांब होणारी चरकीची दोरी डोंगरावर अजिबात नेऊ नये, कारण कुत्रा वेगात सुटला की ती शेवटच्या टोकाला झटका देते आणि तिची बारीक दोरी हाताला व कुत्र्याच्या पायाला कापते. दोरी बोटांभोवती गुंडाळू नये. फास मनगटात घालून दोरी तळव्यात धरावी.

दुसरी गोष्ट चाव्याविषयी. दुसऱ्या कुत्र्याने चावा घेतल्यास जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. खंड्याला रेबीजची वार्षिक लस वेळेवर दिलेली असली तरी त्या लसीचा आणखी एक डोस लगेच द्यावा आणि पुढे ४५ दिवस त्याच्या वागण्यावर लक्ष ठेवावे. जखम धुताना आपल्या हाताला ओरखडे असतील तर स्वतःही डॉक्टरांना दाखवावे. हे आपण केले असेलच, तरी वाचणाऱ्या इतरांसाठी लिहीत आहे.

तिसरी गोष्ट सहसा कोणी विचारत नाही, पण मेंढरांच्या भागात ती सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. कुत्र्याच्या आतड्यात एक अगदी लहान पट्टकृमी राहू शकतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, ते गवत मेंढी खाते आणि तिच्या यकृतात व फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी तयार होतात. त्यांना हायडॅटिड म्हणतात. हीच अंडी माणसाच्या पोटात गेली तर माणसालाही त्या गाठी होतात. कापलेल्या मेंढीचे असे गाठी असलेले यकृत किंवा फुप्फुस कुत्र्याने खाल्ले की चक्र पूर्ण होते. म्हणून कुत्र्याला दर तीन महिन्यांनी प्राझिक्वांटेल असलेले जंताचे औषध द्यावे आणि डोंगरावर त्याने केलेली घाण पिशवीत भरून खाली आणावी. "जंगलात खतच होईल" असे म्हणणारे अनेक जण मला भेटतात. तिथे चरणाऱ्या जनावरांच्या दृष्टीने ते खत नाही.

वाटसरू

धागाकर्त्यांच्या भावनेचा आदर ठेवून मी थोडा वेगळा विचार मांडतो. पायथ्याच्या प्रत्येक वाडीतली दहा-पंधरा कुत्री रात्रंदिवस त्याच डोंगरावर मोकळी हिंडतात, त्यांना कोणी दोरी लावत नाही. मेंढपाळांची कुत्रीही मोकळीच असतात. असे असताना शहरातून आठवड्यातून एकदा येणाऱ्या, लस दिलेल्या, पोटभर खाऊन आलेल्या आणि दोरीने बांधलेल्या एका कुत्र्याने डोंगराचे असे काय बिघडणार आहे? कुत्र्याला नीट शिकवले, हाक मारताच परत येण्याची सवय लावली, तर दोरीचीही तितकी गरज राहत नाही, असा माझा अनुभव आहे. कुत्र्याला धावू न देणे हाही त्याच्यावर एक प्रकारचा अन्यायच आहे.

माळटिटवी

वाटसरूदादा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो बहुतेकांच्या मनात असतो, म्हणून सविस्तर उत्तर देते. मी मिरज-कवठेमहांकाळ पट्ट्यातल्या माळांवर अनेक वर्षे पक्षी पाहते.

आपल्याकडे माळाला "पडीक" म्हणायची सवय आहे, पण तो पडीक नसतो. टिटवी, माळटिटवी, चंडोल, तित्तर, लावा, धाविक, रातवा, एवढेच काय पण मोरसुद्धा जमिनीवरच अंडी घालतो. टिटवीचे घरटे म्हणजे खड्यांमध्ये केलेली एक उथळ खळगी, आणि त्यात साधारण चार अंडी, दगडांच्या रंगाची. मार्च ते ऑगस्ट हा त्यांचा मुख्य हंगाम. तुम्ही त्या अंड्यांपासून दोन हातांवर उभे असलात तरी ती दिसत नाहीत, मात्र कुत्र्याला ती वासाने कळतात.

आता दोरीने बांधलेल्या कुत्र्याविषयी. कुत्रा घरट्यापर्यंत पोहोचला नाही तरी पक्षीण अंड्यांवरून उठते, आरडाओरडा करते, आणि कुत्रा नजरेआड होईपर्यंत परत बसत नाही. चैत्र-वैशाखात दंडोबाच्या कातळावर दुपारी हात ठेवता येत नाही. त्या उन्हात टिटवी अंडी उबवत नसते, ती अंड्यांवर सावली धरून उभी असते. पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवते. तिला तिथून उठवून ठेवले तर अंड्यांतले जीव उन्हाने मरतात. कुत्र्याने तोंड लावलेलेही नसते.

२००७ साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या परिसरातील रानांत याचीच पाहणी झाली होती. ज्या पायवाटांवरून दोरीला बांधलेली कुत्री नेली गेली, तिथे दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी आढळली. ज्या वाटांवर माणसे नेहमीच कुत्री घेऊन फिरत होती तिथेही हाच परिणाम दिसला, म्हणजे पक्ष्यांना कुत्र्याची सवय झालेली नव्हती. त्या पाहणीत सगळी कुत्री दोरीलाच होती, एवढे कृपया ध्यानात घ्यावे.

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न खरा आहे आणि मोठा आहे. पण ज्या डोंगरावर आधीच पंधरा कुत्री हिंडत आहेत, तिथल्या टिटवीला सोळावे कुत्रे अधिक सोसवेल असे कसे म्हणता येईल?

वाटसरू

ऑस्ट्रेलियातली पाहणी मला माहीत नव्हती. तिथल्या पक्ष्यांना मुळात कुत्र्याची ओळखच कमी असेल, आपल्या पक्ष्यांचे तसे नसावे, असे मला वाटते. तरी अंड्यांवर सावली धरण्याची गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

मेंढरामागचा

मी धनगर घरातला. आता नोकरीला आहे, पण चुलते आणि चुलतभाऊ अजून मेंढरे घेऊन फिरतात. मेंढरे समोर आली तर काय करावे, हे धागाकर्त्यांनी विचारले आहे, ते सांगतो.

कळप दिसला की लगेच थांबावे आणि वाट सोडून चढाच्या बाजूला वीस-पंचवीस पावले जावे. भ्यालेले मेंढरू बहुधा उताराकडे पळते, असा आमचा अनुभव आहे. कुत्रे उताराच्या बाजूला असले तर कळप वर चढत नाही, तो आडवा फुटतो, आणि फुटलेला कळप गोळा करायला अर्धा दिवस जातो. कुत्र्याला बसवावे, आपण त्याच्या आणि मेंढरांच्या मध्ये उभे राहावे आणि त्याचे तोंड आपल्याकडे वळवून धरावे. कुत्र्याने टक लावून बघितले तरी मेंढरू बिथरते. मेंढपाळाला लांबूनच आवाज द्यावा, "मामा, कुत्रं हाय, धरलंय." म्हणजे तो आपल्या कुत्र्यांना आवरतो. आमची कुत्री तुमच्या कुत्र्यावर येतात ती खुनशी म्हणून नव्हे. लांडग्यापासून कळप राखणे हेच त्यांचे काम आहे आणि ती ते काम करत असतात.

गाभण मेंढी पळाली, धडपडली, तर गाभ टाकते. एक मेंढी म्हणजे घरातल्या एका माणसाची कमाई असते. तुम्ही खर्च दिलात आणि दोनदा जाऊन बघून आलात, हे वाचून बरे वाटले. असे फार थोडे लोक करतात.

आणि वाटसरू साहेबांना सांगतो, आमची कुत्री मोकळी असली तरी ती कळपाला बांधलेली असतात. सशामागे पळणारे कुत्रे आम्ही कळपावर ठेवत नाही.

अजिंक्यतारा_पायथा

धागाकर्त्यांच्या कुत्र्याचे नाव वाचून साताऱ्याच्या माणसाला आनंद होणारच. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी छत्रपती शाहू महाराजांच्या समाधीजवळ त्यांच्या खंड्या कुत्र्याचीही समाधी दाखवतात. शिकारीच्या वेळी वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला, अशी कथा आमच्याकडे लहानपणापासून सांगितली जाते. कुत्र्यावर असे प्रेम करणारी आपली माती आहे. त्यामुळे कुत्र्याला डोंगरावर नेऊ नका, असे मला सरसकट सांगता येणार नाही. माझी दोन कुत्री आहेत आणि दोन्ही माझ्यासोबत चालतात.

मात्र साताऱ्याच्या डोंगरांवर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे बिबट्या. अजिंक्यतारा, यवतेश्वर आणि आसपासच्या उतारांवर तो दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. सांगलीकडे शिराळ्यातल्या उसात तो राहतो, हे आपण जाणताच. कुत्रा हे बिबट्याचे अगदी आवडते भक्ष्य आहे. म्हणून मी उजाडल्याशिवाय घरातून निघत नाही आणि सूर्य मावळायच्या आत खाली आलेली असते. मोकळे सोडलेले कुत्रे माणसापुढे पन्नास पावले झाडीत शिरते आणि घात होतो तो तिथेच. दोरीला असलेला कुत्रा माणसाच्या पायाशी असतो, हेच त्याचे संरक्षण आहे. दुसरी बाजूही सांगते : बिबट्या पाहून बिथरलेला मोकळा कुत्रा जीव वाचवायला मालकाकडेच धावत येतो, आणि बिबट्याही त्याच्यामागे येतो.

कासच्या पठारावर मात्र मी कुत्री नेत नाही आणि कोणी नेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जांभ्या कातळावर माती अगदी पातळ असते, काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही, आणि त्या ओल्या थरातच आभाळी, सीतेची आसवे यांसारखी नाजूक रोपे उगवतात. तिथे साडेआठशेहून अधिक प्रकारच्या सपुष्प वनस्पती नोंदवल्या गेल्या आहेत. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कास आहे. माणसाला तिथे वाटेवरून चालण्याची सूचना असते, ती तो वाचू शकतो. कुत्र्याचे पाय वाट सोडून जाणारच.

विश्रामबागची_आई

नमस्कार. आमच्याकडे तीन वर्षांची लॅब्राडॉर आहे आणि आम्ही सदनिकेत राहतो. या दिवाळीनंतर तिला पहिल्यांदा दंडोबावर न्यायचा विचार आहे. किती पाणी न्यावे, खायला काय द्यावे, आणि कुसळांपासून कसे जपावे, हे डॉक्टरसाहेबांनी कृपया सांगावे. वाटेत देण्यासाठी मी बेदाणे आणि शेंगदाणे घेणार होते.

पशुवैद्य

ताई, बेदाणे मुळीच देऊ नका. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ल्याने अपाय होईल याचा अंदाज बांधता येत नाही. काही कुत्र्यांना थोड्याशा दाण्यांनीही त्रास होतो. आपला जिल्हाच बेदाण्याचा असल्यामुळे ही गोष्ट मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. दंडोबाच्या पायथ्याला बागांच्या कडेने जाताना खाली पडलेले मणी तिला उचलू देऊ नका. त्यांवर फवारणीही झालेली असते. शेंगदाणे खारे नसले तर चार-दोन चालतील, पण उकडलेले अंडे किंवा घरची भाकरी अधिक चांगली.

पाण्याचा हिशेब असा. विसाव्यात असलेल्या कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे सुमारे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते आणि चढावर ही गरज दुप्पट होते. तीस किलोंच्या लॅब्राडॉरसाठी दोन-तीन तासांच्या चालण्याला दीड लिटर तरी वेगळे न्यावे. जर्मनची लहान ताटली सोबत असावी. एकदम भरपूर न पाजता दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे थोडे पाजावे.

उष्माघात हा लॅब्राडॉरचा मोठा शत्रू आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो जवळजवळ सगळी उष्णता धापा टाकूनच बाहेर टाकतो. त्याच्या शरीराचे तापमान एरवी १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०४ च्या वर गेले की धोका सुरू होतो. जीभ रुंद होऊन लालभडक दिसणे, लाळ घट्ट होणे, चालताना झोकांड्या जाणे ही लक्षणे दिसताच तिथेच सावलीत थांबावे, पोटावर, जांघेत आणि पंजांवर पाणी ओतावे, पंख्यासारखा वारा घालावा आणि मगच खाली आणावे. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नये. निघण्यापूर्वी आपला तळहात कातळावर पाच सेकंद टेकवून पाहावा. आपल्याला सोसवला नाही तर तिच्या पंजांनाही सोसवणार नाही.

कुसळांविषयी जरा तपशिलाने लिहितो, कारण दिवाळीनंतरचे दिवस नेमके त्यांचे आहेत. कुसळी गवताच्या बियांचे टोक सुईसारखे असते आणि मागे पिळदार लांब शेपूट असते. हवेतला दमटपणा वाढला-घटला की त्या शेपटाचा पीळ उलगडतो आणि पुन्हा आवळतो, आणि त्या फिरण्याने बी मळसूत्रासारखे जमिनीत शिरते. निसर्गाने ही योजना मातीत रुजण्यासाठी केली आहे, पण कुत्र्याच्या बोटांमधल्या कातडीतही ते तसेच शिरते. मागे सरकत नाही, कारण टोकाजवळ उलटे केस असतात. मी एका कुत्रीच्या पंजातून गळू फोडून कुसळ काढले होते, ते शिरले होते तिथून बोटभर वर सरकले होते. घरी येताच बोटांच्या बेचक्या, काखा, कानांच्या आतली बाजू आणि पापण्यांच्या कडा बोटांनी चाचपून पाहाव्यात. कुत्री एकाच बाजूला मान झटकत असेल तर ते कानात गेले आहे असे समजावे आणि स्वतः चिमट्याने न खुपसता लगेच दाखवावे. त्याच वेळी गोचीडही शोधून काढावेत. गोचिडांमुळे येणारा ताप आपल्या भागात भरपूर आहे.

सर्पदंशाचे दोन शब्दांत सांगतो. घोणस, फुरसे, नाग आणि मण्यार हे चारही आपल्याकडे आहेत. कुत्रा हुंगायला जातो म्हणून दंश बहुधा नाकाडावर किंवा पुढच्या पायावर होतो. सूज चढण्यापूर्वी पट्टा व हार्नेस काढून टाकावा, जखम कापू नये, आवळून बांधू नये आणि कुत्र्याला एक पाऊलही चालवू नये. माणसाला दिले जाते तेच प्रतिविष त्यालाही चालते. दोघांनी चादरीच्या झोळीत घालून खाली आणता येते, म्हणून माझ्या गाडीत एक जुनी सोलापुरी चादर कायम असते.

देवराष्ट्रेकडचा

धागाकर्त्यांनी विचारलेले नाही, पण पुढे कोणी विचारील म्हणून सागरेश्वरविषयी लिहितो. सागरेश्वर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले, त्याचे क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर आहे आणि ते बहुतांशी माणसांनी उभे केलेले जंगल आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर झाडे लावून, कुंपण घालून, त्यात सांबर, चितळ आणि काळवीट आणून सोडले गेले. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. आमच्या वडीलधाऱ्यांनी तो डोंगर बोडका असतानाही पाहिलेला आहे.

अभयारण्य आणि साधे वनक्षेत्र यांत कायद्याने फरक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यात माणसाचा प्रवेशही परवानगीनेच होतो. त्याच कायद्यात शिकारीच्या व्याख्येत केवळ मारणे येत नाही, तर पकडणे, पाठलाग करणे, हाकणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. सशामागे कुत्रा सोडून गंमत पाहणाऱ्यांनी हे नीट वाचावे. कुंपणाच्या आत राहणाऱ्या हरणांना पळून जायलाही मर्यादित जागा असते, आणि कुत्र्यांमधला डिस्टेंपरसारखा रोग वन्य प्राण्यांत गेला तर काय होते, ते २०१८ साली गीरच्या सिंहांच्या बाबतीत देशाने पाहिले आहे. कुत्र्याला घेऊन सागरेश्वरच्या फाटकावर येऊ नये आणि त्याला उन्हात गाडीत कोंडून स्वतः आत जाऊ नये, एवढी माझी विनंती आहे.

वाटसरू

सर्वांचे प्रतिसाद शांतपणे वाचले. मेंढरामागचा यांचे "कळपाला बांधलेली असतात" हे वाक्य मला पटले. हाकेवर परत येणारे माझे कुत्रे ससा उठल्यावर परत येईल का, याची खात्री मला प्रामाणिकपणे देता येत नाही. यापुढे डोंगरावर दोरी राहील. मात्र सहा महिने डोंगर पूर्ण बंद ठेवावा, हे मला अजूनही अतिरेकी वाटते. गाडीरस्त्याने माथ्यापर्यंत जाऊन त्याच रस्त्याने परत आले, माळात पाऊल टाकले नाही, तर चालू नये का?

माळटिटवी

डांबरी रस्त्यावरून, दोरी आखूड धरून, सकाळी लवकर गेलात तर माझी हरकत नाही. रस्त्यावर रहदारी असतेच, तिच्या कडेला टिटवी सहसा घरटे करत नाही. माझा आग्रह गवताच्या माळापुरता आणि मार्च ते ऑगस्टपुरता आहे. तेवढे झाले तरी पुष्कळ होईल. श्रावणात देवदर्शनाची गर्दी असते, तेव्हा कुत्र्याला तसेही नेऊ नये.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद मी घरच्यांना वाचून दाखवला.

दोन कड्यांचा पट्टा आणि हार्नेस आणला आहे. दोरी दुकानातली न घेता मिरजेच्या बाजारातून सुती कासरा घेतला, सहा फुटांवर कापला आणि टोकाला फास विणून घेतला. सूत असल्यामुळे तो ओढ बसली तरी तळवा सोलत नाही. पहिले आठ दिवस मी घराच्या गच्चीवर खंड्याला मुद्दाम मागे सरकायला लावून पाहिले, पण मान बाहेर आली नाही. जंताचे औषध दिले आहे. मांडीची जखम पूर्ण भरली आहे.

मार्च लागल्यापासून खंड्या माझ्याबरोबर कालव्याच्या रस्त्याने चालतो आणि डोंगरावर मी एकटा जातो. पहिल्या रविवारी मी निघालो तेव्हा तो दाराशी बसून राहिला होता, ते पाहून मला वाईट वाटले, हे लपवत नाही.

गेल्या रविवारी ज्या वळणावर खंड्या नेहमी नाक जमिनीला लावून मला गवताकडे ओढत असे, त्या वळणावर मी बराच वेळ थांबलो. नऊ वाजत आले होते आणि ऊन चांगलेच चढले होते. वाटेपासून जेमतेम दहा पावलांवर एक टिटवी खड्यांमध्ये उभी होती, बसलेली नव्हती. तिच्या पोटाखालची पिसे ओली होऊन चिकटलेली दिसत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि ती जागची हलली नाही. तिच्या पायांमध्ये काय आहे हे पाहण्यासाठी मी पुढे गेलो नाही. दुसऱ्या वाटेने उतरलो. ती जागा कोणती, हे इथे लिहीत नाही.